शोधणाऱ्याला तुमचा व्यवसाय सापडावा म्हणून: कोणते काम आधी, कोणते नंतर

वेबसाइट सुरू झाली की मालकाचा पहिला प्रश्न ठरलेला असतो: गुगलवर पहिल्या पानावर कधी येणार? त्याआधी विचारायचा प्रश्न वेगळा आहे. गुगलला ही वेबसाइट दिसते तरी का? ऑनलाइन प्रसिद्धीवरचा बराचसा पैसा वाया जातो तो कामे उलट्या क्रमाने केल्यामुळे. साइट सर्च इंजिनला वाचता आली पाहिजे. मग गिऱ्हाइकाचे शब्द कळले पाहिजेत, मग त्या शब्दांना उत्तर देणारी पाने हवीत. जाहिरात या सगळ्यानंतर. पुढे तोच क्रम ठेवला आहे. उदाहरणासाठी सगळीकडे पाण्याचे पंप विकणारा आणि दुरुस्त करणारा एकच व्यवसाय धरला आहे. धंदा कोणताही असो, पायऱ्या त्याच राहतात.

आधी दार उघडे आहे का, ते पाहा

सर्च इंजिनचे काम तीन टप्प्यांत चालते. त्याचा क्रॉलर, म्हणजे पाने आपोआप वाचत जाणारा प्रोग्रॅम, एका दुव्यावरून दुसऱ्या दुव्यावर जात पाने उघडतो. उघडलेल्या पानात काय आहे ते समजून घेऊन ते पान इंडेक्समध्ये, म्हणजे सर्च इंजिनच्या सूचीत, नोंदवले जाते. कुणी काही शोधले की त्या सूचीतून पाने निवडून दाखवली जातात. पहिल्या दोन टप्प्यांत अडकलेले पान तिसऱ्यापर्यंत पोहोचतच नाही, मग त्यावरचा मजकूर कितीही चांगला असो.

म्हणून पहिले काम गुगल सर्च कन्सोलचे, म्हणजे गुगलला साइट कशी दिसते ते मालकाला दाखवणाऱ्या साधनाचे. ते मोफत आहे. साइट जोडताना 'डोमेन' आणि 'यूआरएल प्रीफिक्स' असे दोन पर्याय येतात. डोमेन निवडा, कारण त्यात डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यू असलेला आणि नसलेला, एचटीटीपी आणि एचटीटीपीएस असे सगळे पत्ते एकत्र मोजले जातात. मालकी सिद्ध करण्यासाठी गुगल एक ओळ देते. डोमेनचे डीएनएस, म्हणजे साइटच्या नावाच्या नोंदी, जिथे सांभाळले जाते तिथे ती 'टीएक्सटी रेकॉर्ड' म्हणून टाकायची. हा रेकॉर्ड पसरायला कधी काही मिनिटे लागतात, कधी एखादा दिवस. लगेच पडताळणी झाली नाही म्हणून तो पुसून पुन्हा पुन्हा टाकू नका, आणि पडताळणी झाल्यावरही काढू नका. काढला की मालकी जाते. एक गोष्ट आग्रहाने सांगायची: हे खाते व्यवसायाच्या स्वतःच्या ईमेलवर हवे. साइट बनवणाऱ्याला हवी तेवढी परवानगी देता येते. सगळे त्याच्या खात्यावर ठेवले, तर पुढे दुसऱ्याकडे काम देताना सगळी माहिती त्याच्याकडेच अडकते.

आता सर्च कन्सोलच्या वरच्या पट्टीत एका महत्त्वाच्या पानाचा पूर्ण पत्ता टाकून तपासा. पान इंडेक्समध्ये आहे की नाही, नसेल तर का नाही, हे तिथेच कळते. नव्या साइटवर सगळ्यात जास्त आढळणारी चूक अगदी साधी असते. साइट तयार होत असताना ती बाहेर दिसू नये म्हणून 'नोइंडेक्स'ची खूण लावलेली असते आणि साइट सुरू करताना ती काढायची राहून जाते. वर्डप्रेसमध्ये सेटिंग्जच्या 'रीडिंग' विभागात सर्च इंजिनांना रोखणारा एक चौकोन आहे. तो रिकामा आहे ना, ते आधी बघा.

दुसरी चूक रोबोट्स डॉट टीएक्सटी या फाइलची. क्रॉलरने कुठे जायचे नाही हे ती फाइल सांगते. तिच्यात 'डिसअलाऊ' या शब्दापुढे नुसती एक तिरपी रेघ असेल तर संपूर्ण साइट क्रॉलरला बंद होते. इथे एक गोंधळ नेहमी होतो, म्हणून नीट समजून घ्या. रोबोट्सची फाइल क्रॉल थांबवते, इंडेक्स नव्हे. बंद केलेल्या पानाकडे बाहेरून दुवे असतील तर त्याचा पत्ता वर्णनाशिवाय निकालांत येऊ शकतो. उलट 'नोइंडेक्स'ची खूण वाचण्यासाठी क्रॉलरला पान उघडता यावे लागते. एखादे पान निकालांतून काढायचे म्हणून दोन्ही एकदम लावले, तर क्रॉलर आत जात नाही, खूण त्याला दिसत नाही आणि पान तसेच राहते. काढायचे असेल तर फक्त नोइंडेक्स लावा आणि रस्ता मोकळा ठेवा.

साइटमॅप ही पानांच्या पत्त्यांची यादी. एका फाइलमध्ये 50,000 पत्ते किंवा 50 एमबी एवढी तिची मर्यादा. बहुतेक सॉफ्टवेअर ती आपोआप बनवतात. सर्च कन्सोलमध्ये तिचा पत्ता एकदा दिला की झाले. तिच्यात 'प्रायॉरिटी' भरत बसू नका, गुगल ते बघत नाही. 'लास्टमॉड' म्हणजे शेवटच्या बदलाची तारीख मात्र खरी असेल तर उपयोगी पडते. रोज सगळ्या पानांची तारीख बदलणारी साइट असेल तर त्या तारखांवरचा विश्वास उडतो.

सर्च कन्सोलमधल्या पानांच्या अहवालात दोन शेरे वारंवार दिसतील. पहिला: 'सापडले, पण अजून इंडेक्स केलेले नाही'. म्हणजे गुगलला पत्ता माहीत आहे, पण पान उघडलेले नाही. बहुधा त्या पानाकडे साइटमधूनच कुठून दुवा गेलेला नसतो, किंवा सर्व्हर इतका मंद असतो की क्रॉलर हात आखडता घेतो. दुसरा: 'क्रॉल केले, पण इंडेक्स केलेले नाही'. पान वाचले गेले, पण सूचीत घेण्याजोगे वाटले नाही. यावर 'इंडेक्स करण्याची विनंती' हे बटण पुन्हा पुन्हा दाबून काही होत नाही. पानात स्वतःचे असे काही घालावे लागते, किंवा दोन सारखी पाने एकत्र करावी लागतात. लॉगिन, कार्ट, फिल्टर लावून तयार झालेले पत्ते असल्या पानांवर हा शेरा आला तर काळजी नको. ती सूचीत नसलेलीच बरी.

एकाच पानाचे चार पत्ते असणे हाही जुना आजार. डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यूसह आणि त्याशिवाय, एचटीटीपी आणि एचटीटीपीएस अशा चारही पत्त्यांवर साइट वेगवेगळी उघडत असेल, तर एक पत्ता कायम ठरवा आणि बाकीचे तीन 301 रीडायरेक्टने, म्हणजे जुना पत्ता आपोआप आणि कायमचा नव्याकडे नेणाऱ्या सोयीने, त्याकडे वळवा. ठरवताना एचटीटीपीएस घ्या.

वेग, आणि फोन

गुगल आता साइटची फोनवर दिसणारी आवृत्तीच वाचते. संगणकावर दिसणारा, पण फोनवर काढून टाकलेला मजकूर गुगलच्या लेखी नाहीच. त्यामुळे तपासणी नेहमी फोनवर करा.

वेगासाठी गुगलचे तीन मापदंड आहेत. पानातला मुख्य भाग 2.5 सेकंदांच्या आत दिसावा. बटण दाबल्यावर प्रतिसाद 200 मिलिसेकंदांच्या आत यावा. हा मापदंड मार्च 2024 पासून लागू आहे. पान उघडताना मजकूर खाली-वर सरकण्याचे माप 0.1 च्या आत राहावे. शंभरातल्या किमान 75 भेटींमध्ये हे साधले तर पान 'चांगले' धरतात. पेजस्पीड इनसाइट्स या मोफत साधनात पत्ता टाकला की हे आकडे मिळतात. नव्या साइटच्या पुरेशा भेटी झालेल्या नसतील तर तिथे फक्त प्रयोगातले आकडे दिसतात. प्रत्यक्ष लोकांचा अनुभव त्यात नसतो.

दोष बहुतेक वेळा छायाचित्रांचा असतो. फोनने काढलेला चार हजार पिक्सेल रुंदीचा, काही एमबींचा फोटो जसाच्या तसा चढवलेला असतो. रुंदी 1600 पिक्सेलपर्यंत आणा, वेबपी स्वरूपात साठवा, आकार 200 केबीच्या आसपास ठेवा. कोडमध्ये प्रत्येक चित्राची रुंदी-उंची लिहा, म्हणजे जागा आधीच राखली जाते आणि मजकूर उडी मारत नाही. खालची चित्रे गरज पडेल तेव्हा उघडणारी ठेवा, पण सगळ्यात वरच्या चित्राला ही सोय लावू नका. त्याने मुख्य भाग उलट उशिरा दिसतो. एवढे झाले की वेगाच्या मागे जास्त लागू नका. वेग हा निवडीतल्या अनेक घटकांपैकी एक आहे, आणि शंभरपैकी शंभर गुण मिळाले म्हणून रिकामे पान वर येत नाही.

गिऱ्हाइकाचे शब्द

इथे घाई करू नका, कारण पुढचे सगळे यावर उभे आहे. विक्रेता 'सेंट्रिफ्यूगल पंपसेट' म्हणतो, गिऱ्हाईक 'मोटर' म्हणते. विक्रेता 'विक्रीपश्चात सेवा' लिहितो, गिऱ्हाईक फोनवर टाइप करते 'मोटर चालू आहे पण पाणी येत नाही', 'मोटर नुसती गुणगुणते, फिरत नाही', 'मोटर सारखी गरम होते'. साइटवर हे शब्दच नसतील तर सर्च इंजिनने ती साइट कशाच्या जोरावर दाखवायची?

शब्द गोळा करायची सर्वात चांगली जागा म्हणजे स्वतःचा फोन. गेल्या तीन महिन्यांत आलेले मेसेज, ईमेल, तक्रारवही काढा आणि लोकांनी अडचण ज्या शब्दांत सांगितली ते शब्द न सुधारता उतरवून घ्या. मग गुगलच्या पट्टीत सुरुवातीचे दोन शब्द टाकून खाली येणाऱ्या सूचना बघा. निकालांमधले 'लोक हेही विचारतात' आणि तळाशी येणारे संबंधित शोध नोंदवा. साइट जुनी असेल तर सर्च कन्सोलच्या 'परफॉर्मन्स' अहवालात 16 महिन्यांपर्यंतचे प्रत्यक्ष शोध मिळतात. गुगल ट्रेंड्समध्ये 0 ते 100 असे आकडे दिसतात. ते शोधांची संख्या सांगत नाहीत. निवडलेल्या काळातल्या सर्वाधिक मागणीला 100 धरून बाकीची तुलना तिथे केलेली असते. दोन शब्दांपैकी कोणता जास्त चालतो आणि मागणी कोणत्या महिन्यांत वाढते, हे त्यावरून कळते.

मराठीत लिहिणाऱ्यांनी एक गोष्ट जास्तीची करावी. तोच शोध लोक देवनागरीत करतात, रोमन अक्षरांत मराठी लिहून करतात आणि इंग्रजीतही करतात. तिन्ही तऱ्हा तपासा, पण तिन्हींसाठी एकाच मजकुराची तीन पाने काढू नका. मराठी पान चांगल्या मराठीत असावे, आणि इंग्रजी वाचकही खरोखर असतील तर इंग्रजीचे वेगळे पान करून 'एचरेफलँग' या भाषा सांगणाऱ्या खुणेने दोन्ही एकमेकांना जोडावीत.

शब्द जमले की एक साधा तक्ता करा: शोध, शोधणाऱ्याला काय हवे आहे, आणि त्याला उत्तर देणारे पान. मधला रकाना भरण्यासाठी तो शोध खाजगी विंडोमध्ये स्वतः करून पाहा आणि पहिली दहा पाने उघडा. बहुतेक लोक हे करत नाहीत, आणि कष्ट फुकट जातात ते इथेच. दहापैकी आठ पाने 'कारणे आणि उपाय' सांगणारी असतील, तर त्या शोधावर तुमचे विक्रीचे पान वर येणार नाही. माणसाला आत्ता माहिती हवी आहे, हे गुगलने ओळखलेले असते. उलट 'एक एचपी पंप किंमत' यावर सगळी उत्पादनांची पाने दिसत असतील, तर तिथे दोन हजार शब्दांचा लेख लिहून काही साधत नाही. ज्या तऱ्हेचे पान वर आहे त्याच तऱ्हेचे पान करा आणि त्यात त्या दहांपैकी कुणीही न सांगितलेले काहीतरी द्या.

एका गरजेला एकच पान. 'पंप दुरुस्ती', 'मोटर दुरुस्ती', 'पाण्याची मोटर रिपेअर' अशी तीन पाने केली तर ती एकमेकांच्याच आड येतात. आज एक दिसते, उद्या दुसरे, आणि एकही टिकत नाही. अशी पाने आधीच असतील तर त्यांतले सगळ्यात चांगले निवडा, बाकीच्यांतला उपयोगी मजकूर त्यात हलवा आणि जुने पत्ते 301 ने तिकडे वळवा.

पान कसे बांधायचे

टायटल म्हणजे निकालात दिसणारी ठळक ओळ. प्रत्येक पानाचे टायटल वेगळे हवे आणि महत्त्वाचे शब्द सुरुवातीला हवेत, कारण लांब ओळ फोनवर कापली जाते. 'मुख्यपृष्ठ' किंवा नुसते व्यवसायाचे नाव हे टायटल म्हणजे जागा वाया. 'मोटर चालते पण पाणी येत नाही: कारणे आणि तपासण्याचा क्रम' हे टायटल वाचणाऱ्याला आपलेच वाटते. पानातले मोठे शीर्षक त्याच्याशी जुळते ठेवा. दोन्हींत फारच फरक असला तर गुगल टायटल स्वतः बदलून दाखवते. मेटा डिस्क्रिप्शन म्हणजे टायटलखाली दिसणारे छोटे वर्णन. त्याने क्रमांक वाढत नाही, पण नीट लिहिले तर क्लिक वाढतात. मेटा कीवर्ड, म्हणजे कोडमधली शब्दांची यादी, भरू नका; गुगल ते विचारात घेत नाही हे 2009 मध्येच जाहीर झाले आहे.

पहिल्या दोन वाक्यांत उत्तर द्या. 'आजच्या धावपळीच्या जीवनात पाण्याचे महत्त्व' अशी सुरुवात वाचक सोडून जातो. वरच्या शोधासाठी पान असे सुरू व्हावे: मोटर फिरते पण पाणी चढत नाही, तेव्हा बहुधा पंपातले पाणी उतरलेले असते, म्हणजे प्रायमिंग गेलेले असते. मग तपासण्याचा क्रम: वीज बंद करून पंपात पाणी भरा. भरलेले पाणी पुन्हा उतरत असेल तर ओढणाऱ्या पाइपच्या तळाचा फूट व्हॉल्व्ह गळतो आहे. पाणी टिकते तरी धार येत नाही, तर ओढणाऱ्या पाइपच्या सांध्यातून हवा शिरत असेल. मोटर नुसती गुणगुणत असेल तर हा दोष वेगळा आहे, कपॅसिटर बघा. थ्री-फेज मोटर असेल आणि वायर जोडल्यानंतर धार कमी झाली असेल, तर ती उलटी फिरत असू शकते. जळाल्याचा वास आला तर मात्र वाचकाने काहीही उघडू नये, हेही लिहा, आणि तिथेच फोन नंबर द्या. असे पान वाचून काही जण स्वतःच दुरुस्ती करतील आणि फोन करणार नाहीत. करू द्या. ज्यांच्याने होणार नाही ते अशाच पानावरून फोन करतात, कारण समोरच्याला काम येते याची खात्री त्यांना पटलेली असते.

किती शब्द लिहायचे, याचा ठराविक आकडा नाही. उत्तर पुरे झाले की थांबा. एकच शब्द दर ओळीत पेरणे हे गुगलच्या नियमांनुसार स्पॅम आहे. एआयकडून शेकडो पाने काढून चढवणेही तसेच: मार्च 2024 पासूनच्या धोरणात वाचकाच्या उपयोगाऐवजी केवळ क्रमांकासाठी मोठ्या प्रमाणावर काढलेला मजकूर, मग तो यंत्राने लिहिलेला असो की माणसाने, गैरवापर धरला जातो. मसुद्यासाठी साधन वापरायला हरकत नाही. आकडे, फोटो, मोजमापे आणि अनुभव तुमचेच हवेत.

मजकूर खराखुरा मजकूर हवा. माहिती सुंदर चित्रात बसवून चढवली तर सर्च इंजिनला ती नीट वाचता येईल याचा भरवसा नाही. जुन्या, युनिकोड नसलेल्या फॉन्टमधला मराठी मजकूर ही याहून वाईट गोष्ट: पडद्यावर मराठी दिसते, पण आत साठवलेली असतात असंबद्ध रोमन अक्षरे, आणि कोणत्याही मराठी शोधाला ते पान सापडत नाही. जुन्या माहितीपत्रकातून मजकूर उचलला असेल तर तो आधी युनिकोडमध्ये बदलून घ्या. पानाचा पत्ता देवनागरीत चालतो, पण कॉपी केल्यावर प्रत्येक अक्षरचिन्हाची नऊ रोमन चिन्हे होतात आणि मेसेजमध्ये तीन-चार ओळींचा पत्ता जातो. पत्ता रोमन अक्षरांत, छोटा, शब्दांमध्ये आडवी रेघ देऊन ठेवणे सोयीचे.

पाने एकमेकांना जोडा. दुव्याचे शब्द बोलके असावेत. 'इथे क्लिक करा' यापेक्षा 'फूट व्हॉल्व्ह बदलण्याची पद्धत' हा दुवा वाचकालाही कळतो आणि क्रॉलरलाही. चित्रांना 'ऑल्ट' मजकूर द्या, म्हणजे चित्रात काय आहे ते एका वाक्यात. स्कीमा डॉट ऑर्गच्या, म्हणजे सर्च इंजिनांना माहिती ठराविक साच्यात देण्याच्या, पद्धतीने उत्पादन, पत्ता, वेळा यांची माहिती कोडमध्ये मांडता येते आणि गुगलच्या रिच रिझल्ट्स टेस्ट या साधनात ती तपासता येते. प्रश्नोत्तरांच्या स्कीमावर मात्र वेळ घालवू नका. ऑगस्ट 2023 पासून गुगलने निकालांतली तशी ठळक मांडणी बहुतेक साइटसाठी बंद केली आहे.

नकाशावर दिसण्यासाठी

गिऱ्हाईक प्रत्यक्ष येत असेल किंवा तुम्ही त्याच्याकडे जात असाल, तर गुगल बिझनेस प्रोफाइल, म्हणजे गुगलच्या शोधात आणि नकाशात दिसणारी व्यवसायाची नोंद, हे वेबसाइटइतकेच मोलाचे आहे, आणि तेही मोफत. नकाशातले निकाल तीन गोष्टींवर ठरतात: शोधाशी जुळणी, शोधणाऱ्यापासूनचे अंतर आणि व्यवसायाची ख्याती. अंतर तुमच्या हातात नाही, बाकी दोन आहेत.

त्यात सगळ्यात जास्त वजन व्यवसायाच्या मुख्य प्रकाराचे (कॅटेगरीचे) असते. पंप दुरुस्त करणाऱ्याने नुसते 'दुकान' निवडले तर तो चुकीच्या शोधांत जातो. जितका नेमका प्रकार मिळेल तितका घ्या. वर आणखी नऊ प्रकार जोडता येतात, पण प्रत्यक्ष करत असलेल्या कामांचेच जोडा. वर्णनाला 750 अक्षरांची मर्यादा आहे. नाव पाटीवर आहे तेच लिहा. नावापुढे 'सर्वोत्तम मोटर रिपेअर सेवा' असे जोडण्याचा मोह अनेकांना होतो. ते नियमाविरुद्ध आहे, आणि कुणी तक्रार केली की नाव बदलले जाते किंवा प्रोफाइलच निलंबित होते. गिऱ्हाईक तुमच्या पत्त्यावर येत नसेल तर पत्ता लपवून सेवाक्षेत्र द्या, जास्तीत जास्त 20. पडताळणी आता बहुधा व्हिडिओने होते: बाहेरची पाटी, आसपासचा रस्ता, आतली अवजारे आणि व्यवसाय तुमच्याच ताब्यात असल्याचा पुरावा हे सगळे एकाच सलग चित्रणात लागते. पाटी लावण्याआधीच चित्रण केले तर ते नाकारले जाण्याची शक्यता मोठी.

काम संपल्यावर लगेच परीक्षणाचा (रिव्ह्यूचा) दुवा पाठवा. आठवड्याने पाठवलेला दुवा लोक उघडत नाहीत. सगळ्यांनाच पाठवा. फक्त खूश असलेल्यांना निवडून मागणे आणि परीक्षणाच्या बदल्यात सवलत देणे, दोन्ही गुगलच्या नियमांत बसत नाही. वाईट परीक्षण आले तर शांतपणे, थोडक्यात, काय दुरुस्त केले ते लिहा. ते उत्तर तक्रार करणाऱ्यापेक्षा पुढे येणाऱ्या गिऱ्हाइकासाठी असते.

दुवे

दुसऱ्या साइटवरून तुमच्याकडे आलेला दुवा हा विश्वासाचा संकेत असतो, म्हणूनच त्याचा बाजार भरतो. विकत घेतलेले दुवे टाळा. गुगलच्या यंत्रणा असे दुवे ओळखून बहुधा निष्फळ करतात, म्हणजे पैसे बुडतात. प्रकार मोठा असेल तर हाताने कारवाई होते आणि ती सर्च कन्सोलमध्ये कळवली जाते. प्रायोजित दुव्याला 'स्पॉन्सर्ड' किंवा 'नोफॉलो' ही खूण असली पाहिजे. खरे दुवे येतात ते ज्यांच्याशी आधीच संबंध आहे त्यांच्याकडून: ज्या कंपनीचा माल विकता तिच्या विक्रेत्यांच्या यादीत, व्यवसाय संघटनेच्या सदस्यांच्या पानावर, ज्या कार्यक्रमाला मदत केली त्याच्या पानावर. शिवाय पंपाची क्षमता काढायचा तक्ता किंवा छोटा गणक साइटवर ठेवला तर इतर लोक आपणहून त्याचा दाखला देतात.

जाहिरात कधी, आणि पैसे कुठे गळतात

सर्चमधल्या नैसर्गिक क्रमांकाला वेळ लागतो. बदल दिसायला साधारण चार महिने ते एक वर्ष धरा. 'पंधरा दिवसांत पहिला क्रमांक' अशी हमी देणाऱ्याला काम देऊ नका, अशी हमी कुणीच देऊ शकत नाही. जाहिरात त्याच दिवशी दिसते, पण पैसे थांबले की तीही थांबते. कोणत्या शब्दांवर खरोखर फोन येतात हे लवकर कळण्यासाठी तिचा उपयोग मोठा आहे.

गुगल अ‍ॅड्समध्ये नवी मोहीम उघडताना आधीच खूण करून ठेवलेले काही पर्याय असतात, आणि गळती तिथूनच सुरू होते. फक्त सर्चवर जाहिरात हवी असेल तर डिस्प्ले नेटवर्कची, म्हणजे इतर साइटवर जाहिरात दाखवण्याची, खूण काढा. ठिकाणाच्या पर्यायात 'त्या ठिकाणी असलेले किंवा त्यात रस दाखवणारे' असे आधीच निवडलेले असते. सेवा ठराविक भागातच देत असाल तर 'त्या ठिकाणी असलेले' एवढेच ठेवा. शब्द ब्रॉड मॅचवर सोडले तर जुळते-मिळते बरेच काही येते. सुरुवात फ्रेज (शोधात तुमच्या शब्दांचा अर्थ आलेला हवा) आणि एक्झॅक्ट (शोधाचा अर्थ तोच हवा) मॅचने करा.

पहिले दोन आठवडे दर दोन दिवसांनी 'सर्च टर्म्स' अहवाल उघडा. लोकांनी प्रत्यक्ष काय टाइप केले ते तिथे दिसते. पंपवाल्याला तिथे 'नोकरी', 'प्रशिक्षण', 'मोफत', 'सायकल पंप', 'पेट्रोल पंप' असे शब्द हमखास सापडतात. ते निगेटिव्ह कीवर्ड, म्हणजे ज्यांवर जाहिरात दाखवायची नाही असे शब्द, म्हणून टाका. पहिल्या महिन्यात खर्च वाचवणारे एवढे मोठे काम दुसरे नाही.

रोजचे बजेट म्हणजे रोजची वरची मर्यादा नव्हे, हे आधी माहीत असावे. एखाद्या दिवशी दुप्पटपर्यंत खर्च होऊ शकतो, महिन्याचा हिशेब मात्र रोजच्या रकमेच्या 30.4 पटीत राहतो. जाहिरातीत 15 मथळे आणि 4 वर्णने देता येतात. मथळा 30 अक्षरांचा, वर्णन 90 चे. क्लिक नेहमी त्या विषयाच्या पानावर न्या. 'मोटर फिरत नाही' शोधणारा मुख्यपृष्ठावर उतरला तर तो पुन्हा शोधत बसत नाही, परत जातो. शिवाय शब्दाच्या 1 ते 10 गुणांच्या गुणवत्ता श्रेणीत क्लिकची अपेक्षा आणि जाहिरातीची जुळणी यांच्यासोबत उतरण्याच्या पानाचा अनुभवही मोजला जातो. पान बरे नसेल तर त्याच जागेसाठी जास्त पैसे पडतात.

मोजायचे काय

भेटींच्या संख्येवर खूश होऊ नका. मोजायचे ते फोन, भरलेले फॉर्म, मेसेज आणि ऑर्डर. गुगल अ‍ॅनालिटिक्स 4 मध्ये फोनच्या दुव्यावरची क्लिक आणि फॉर्म पाठवल्यानंतरचे आभाराचे पान 'की इव्हेंट', म्हणजे महत्त्वाची घटना, म्हणून नोंदवा, आणि दोन्ही स्वतः करून पाहून ती नोंद झाल्याची खात्री करा. फॉर्म बंद पडलेला असताना महिनोन्‌महिने जाहिरात चालू राहते, असे पुष्कळदा घडते. दर सोमवारी एक चाचणी फॉर्म भरण्याची सवय ठेवली तर हे टळते.

मेसेज, ईमेल, छापील क्यूआर कोड आणि सोशल मीडियावरच्या दुव्यांना यूटीएमच्या, म्हणजे भेट कुठून आली ते सांगणाऱ्या, खुणा जोडा: स्रोत, माध्यम आणि मोहीम. लिहिण्याची पद्धत एकच ठेवा, कारण लहान आणि मोठी रोमन अक्षरे वेगळी धरली जातात आणि एकाच मोहिमेचे आकडे दोन ओळींत फुटतात. साइटच्या आतल्या दुव्यांना या खुणा कधीही लावू नका. माणूस मुळात कुठून आला ते त्याने पुसले जाते.

महिन्यातून एकदा सर्च कन्सोलमध्ये गेल्या तीन महिन्यांचे शोध काढा आणि सरासरी क्रमांक 8 ते 20 च्या दरम्यान असलेले वेगळे करा. गुगलने तुम्हाला त्या विषयासाठी योग्य मानलेले आहे, पण पुरेसे नाही. त्या पानांवर काम करा: वर असलेल्या पानांत आहे आणि तुमच्यात नाही असा प्रश्न कोणता, तो उत्तरासह घाला, टायटल शोधाच्या शब्दांच्या जवळ आणा, आणि साइटवरच्या दोन-तीन जास्त वाचल्या जाणाऱ्या पानांवरून तिकडे दुवा द्या. क्रमांक चांगला आहे पण क्लिक कमी, असे पान दिसले तर आधी तो शोध स्वतः करून बघा. निकालांच्या वर एआयने दिलेले उत्तर किंवा नकाशा असेल तर क्लिक कमी होणे स्वाभाविक आहे. तसे काही नसेल तर टायटल आणि वर्णन बदला. बदलाची तारीख वहीत लिहून ठेवा आणि चार-सहा आठवडे त्या पानाला हात लावू नका. रोज थोडे थोडे बदलत राहिले तर कोणत्या बदलाने काय झाले ते कधीच कळत नाही.